‘य’चा ‘प’

इतिहासात कुणीतरी ‘ध’चा ‘मा’ केला, त्याचं नाव अजून निघतं. मी ‘य’चा ‘प’ केला, तर माझं नाव फक्त असोद्यात आणि शिरपुरात निघतं. पण निघतं हो! अजूनही लग्नाकार्यात बायकांच्या घोळक्यातून कुणी ना कुणी माझ्याकडे बोट दाखवतंच, "हीच ती, हार्टवाली."

हसा, हसा. चहा ओतते तोवर हसून घ्या. एकदा सांगायला लागले की मध्ये हसू नका, मला पुढचं आठवत नाही मग.

तर मी मूळची धुळ्याची. बी.ए. झाले, तेही संस्कृत घेऊन. आता तुम्ही म्हणाल, वा! तसं काही नव्हतं. संस्कृतचे तास सकाळी साडेदहाला संपायचे, हे एक. आणि वर्गात आम्ही पाचच जणी होतो, त्यामुळे सर कुणाला नापास करायला धजायचे नाहीत. केलं असतं तर विषयच बंद पडला असता ना! म्हणून मी संस्कृत घेतलं आणि संस्कृतनंही मला कसंबसं घेतलं.

पण लग्न होऊन असोद्याला आले आणि बघते तर काय, माझी डिग्री माझ्याआधी गावात पोचलेली! माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणायचे. केळीचे बागाईतदार. शिक्षण सातवी, पण शिकलेल्या माणसाचं भारी कौतुक. डेअरीवर, सोसायटीत, न्हाव्याच्या दुकानात, जो भेटेल त्याला सांगायचे, "आमची सूनबाई संस्कृतमधी बी.ए. हाये. देवाची भाषा येते तिले!"

झालं! तेव्हापासून घरात सत्यनारायण असला की मला भटजींच्या समोर बसवायचे. भटजी चुकले तर मी सांगायचं म्हणे! मी आपली गंभीर चेहरा करून मान हलवायची. भटजी मला घाबरायचे आणि मी भटजींना.

हे कौतुक मला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू? आणि त्यात माझा स्वार्थही होता. मला बी.एड. करायचं होतं. जळगावच्या कॉलेजात जूनमध्ये अर्ज भरायचे होते. घरची सून रोज एस.टी.नं जळगावला जाणार, हे सासूबाईंना काही पटत नव्हतं. "घरात काय कमी हाये?" हा त्यांचा एकच प्रश्न, सकाळ-संध्याकाळ. निकाल आबांच्या हातात होता आणि आबांनी सांगून ठेवलं होतं, "सुधाकरचं लगन होऊ दे. मंग पाहू. हुशार बाईले मी अडवनार नाही."

हुशार बाईला! म्हणजे सुधाकर भाऊजींचं, माझ्या धाकट्या दिराचं, लग्न होईस्तोवर मला माझी हुशारी टिकवायची होती. दोन महिन्यांचा तर प्रश्न! तेवढे दिवस कुणालाही टिकवता येते.

मला नाही आली.

त्याच उन्हाळ्यात आबांनी मेटाडोर घेतली. असोदा ते जळगाव शिटा वाहायला. पांढरीशुभ्र, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या, मागे दोन फळ्यांचं दार. अख्खी आळी बघायला लोटली. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं. आणि मग आबा माझ्याकडे वळले.

"सूनबाई, गाडीले नाव काढ."

"‘श्रीराम’ छान आहे आबा."

"श्रीराम गावात तीन हायेत. जय भवानी चार. आशीर्वाद तं ज्याच्या त्याच्या गाडीवर. आपल्याले असं पाह्यजे का कोनी आयकेल नसंन." आबांनी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. "माझ्या बापाचा टांगा व्हता जळगाव टेसनावर. घोड्याची गाडी आपल्या रक्तात हाये. तं जुन्या काळात राजे लोकं घोडे जुपून ज्या गाडीत फिरत, तिले संस्कृतमधी काय म्हनत?"

"रथ!" मी ताडकन म्हणाले.

"रथ शेंबड्या पोरालेबी माहीत हाये. तू बी.ए. कायले झाली मंग?"

घ्या! सगळी आळी माझ्या तोंडाकडे बघतेय. मी म्हटलं, "थांबा, बघून सांगते," आणि पदर खोचून घरात पळाले.

माळ्यावरच्या पेटीत माझ्या कॉलेजच्या वह्या होत्या. झुरळं झटकत, घाम पुसत एकेक वही उलटली आणि शेवटी ती सापडली. सरांनी एकदा प्रतिशब्दांची यादी तोंडी सांगितली होती, ती मी उतरवून घेतलेली. पाणी, कमळ, हत्ती आणि... रथ! आनंदानं मी माळ्यावरच ओरडले. रथापुढे दोन शब्द होते. पहिला ‘शतांग’. दुसरा...

आता इथे माझ्या अक्षराबद्दल सांगायलाच हवं. माझं अक्षर लोकांना लागत नाही ते जाऊ द्या, मलाही लागत नाही. ‘य’ला कमरेत कसं एक वळण असतं, ‘प’ ताठ उभा असतो. पण सर भरभर सांगायचे आणि घाईत मी सगळ्यांच्याच कमरा सरळ करायची. मी वही खिडकीशी नेली, तिरकी धरली, डोळ्यांना लावली. आधी अर्धा ‘स’. मग काहीतरी. वर अनुस्वार. मग ‘दन’. स्पंदन! हा शब्द तर मी आधी ऐकलेलाही होता. म्हणजे बरोबरच असणार!

कुठे ऐकला होता, एवढा विचार तेव्हा केला असता तर आज हा चहा तुम्ही गुपचूप पिऊन गेला असता.

"शतांग!" मी ओसरीवरून जाहीर केलं.

"म्हंजे?"

"शंभर अंगं असलेला. पुष्कळ भाग जोडून केलेला रथ."

आबांनी तोंड वाकडं केलं. "नको. लोकं म्हनतीन, शंभर पार्ट हायेत अन् शंभरबी ढिल्ले."

"मग स्पंदन!"

"ते काय?"

"तोही रथच. फार जुना शब्द आहे."

"पन रथाले स्पंदन कायले म्हनत?"

बघा, इथेसुद्धा गप्प बसता आलं असतं. "माहीत नाही" म्हणायला काय जातं? पण हुशार बाई ना मी! म्हटलं, "अहो आबा, चार-चार घोडे जुंपलेला रथ दौडत आला की जमीन थरथरायची. बघणाऱ्याच्या छातीत धडधडायचं. म्हणून स्पंदन!"

व्युत्पत्ती म्हणतात ती हीच. मी ती भाकरी थापावी तशी उभ्या उभ्या थापली आणि आबांना गरमागरम वाढली.

आबांचे डोळे चमकले. "वा! शब्द असा पाह्यजे! ऐकूनच धडकी भरते."

आमचे हे तिथेच उभे होते. बी.कॉम. झालेले. त्यांनी एकदा भुवया वर केल्या, पण संस्कृतात असेल तसं, म्हणून गप्प बसले. नंतर तीस वर्षं ते मला ऐकवतायत की मला शंका आलीच होती.

जळगावहून पेंटर आला. म्हणाला, "वैनी, जोडाक्षर आहे, कागदावर लिहून द्या." मी झोकात लिहून दिलं आणि या वेळी मात्र ‘प’ असा ताठ काढला, की जणू पोलीस भरतीला उभा आहे! पांढऱ्यावर लाल उठून दिसतो म्हणून लाल रंग. दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारांवर हातभर अक्षरं. पेंटर कलाकार माणूस. नावाला शोभेल म्हणून मागच्या दारावर त्यानं आपल्या मनानं एक लालभडक बदाम काढला. पत्त्यात असतो ना, तसा.

"हे पान कायले काढलं रे?" आबांनी विचारलं.

"नावच तसं आहे आबा. जोडी जमते."

आबांना वाटलं पिंपळाचं पान. शुभ असतं. त्यांनी पेंटरला जेवू घालूनच पाठवलं.

आता डोळ्यांसमोर आणा. पांढरी गाडी. काचेच्या खिडक्या. मागे दोन दारं. लाल अक्षरांत ‘स्पंदन’ आणि खाली लाल बदाम. तुम्हाला कळलं ना? हसू नका म्हटलं होतं! आमच्या घरात चौदा माणसं होती, त्यातल्या एकालाही कळलं नाही.

लग्न शिरपूरला होतं. नवरी मंगला, शिरपूरच्या चांगल्या घरातली. आणि आबांचा हट्ट, की गाडीची पहिली खेप नवरदेवाचीच. "माझा पोरगा रथात जाईन!" मग काय? नवरदेव आणि आम्ही बायका मेटाडोरमध्ये, आबा पुढे ड्रायव्हरशेजारी, बाकी वऱ्हाड मागून ट्रकमध्ये. मे महिना. आमच्याकडचा मे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी नऊला लोखंडाला हात लावला तर फोड यायचा.

जळगावातून जाताना चौकात ट्रॅफिक पोलिसानं आमची गाडी बघितली. बघितली काय, त्यानं जोरात शिट्टी फुंकली, चारी बाजूंची वाहनं थांबवली आणि आम्हाला हात केला, "जा, जा, लवकर जा!"

"पाह्यलं का सूनबाई?" आबा मागे वळून ओरडले. "रथाले मान असतो!"

मी अशी फुलले! पुढे चोपड्याच्या रस्त्याला लागलो तर एस.टी.सुद्धा बाजू द्यायला लागल्या. एस.टी. हो! ज्या कलेक्टरच्या गाडीला बाजू देत नाहीत! एका गावाशी एका म्हातारीनं आमच्याकडे बघून दोन्ही हात जोडले आणि वर आभाळाकडे बघितलं. आबांनीही खिडकीतून तिला वाकून नमस्कार केला. "जुनी मानसं," ते म्हणाले, "त्यायले रथ बराबर वयखू येतो."

चोपड्याला चहाला थांबलो. टपरीवाल्यानं हळूच आत डोकावून विचारलं, "आत कोण आहे?"

"नवरदेव!" आबा ऐटीत म्हणाले.

"अरेरे," टपरीवाला म्हणाला आणि चहाचे पैसेच घेईना.

"या बाजूचे लोकं फार मयाळू," आबांनी शेरा मारला आणि आम्ही निघालो.

चोपडा सोडलं आणि भाऊजींना ऊन लागलं. अंगाला हळद, वरून कोट, पोटात सकाळपासून काही नाही. घेरी यायला लागली. सासूबाईंनी त्यांना गादीवर आडवं केलं, कोटाची बटणं सोडली, छातीवर ओला टॉवेल टाकला आणि नाकाशी फोडलेला कांदा धरला. पाण्याची छागळ, म्हणजे जाड कापडाची पिशवी होती, ती टपाच्या हूकला टांगली आणि आम्ही चौघीजणी पदरानं वारा घालायला बसलो. "डोये मिटून पडी राह्य," सासूबाई म्हणाल्या. भाऊजी आज्ञाधारक. पडले आणि चक्क झोपले.

शिरपूरला जानवशापुढे, म्हणजे जिथे वऱ्हाड उतरवतात त्या घरापुढे, काय थाट होता म्हणून सांगू! बँड तयार. झूल घातलेला पांढरा घोडा तयार. करवल्या कळश्या घेऊन उभ्या. आमची गाडी दिसली आणि बँडवाल्यांनी पिपाण्या तोंडाला लावल्या. कुणीतरी पुढे होऊन मागची दारं उघडली.

आणि दारं उघडल्यावर काय दिसलं? आत आडवा पडलेला नवरदेव! डोळे मिटलेले, छातीवर ओलं फडकं, वर काहीतरी लोंबकळतंय आणि चौघी बायका वारा घालताहेत!

बँड बंद पडला. एकदम.

"व माय वं!" एक बाई किंचाळली. "नवरदेवले दवाखानानी गाडीमा आनेल शे!"

"कसाना दवाखाना?"

"हार्टना! हाई दखा ना, लिखेल शे!"

तेवढ्यात नवरीचे मामा गर्दी कापत पुढे आले. हे मामा धुळ्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. म्हणजे अर्धे डॉक्टर. त्यांच्या स्वतःच्या मते पाऊण. त्यांनी चष्मा चढवला, अक्षरं वाचली, बदाम निरखला आणि मान हलवली.

"स्पंदन. म्हणजे हृदयाचा ठोका."

हृदयाचा ठोका! त्या क्षणी माझा एक चुकला. आठवलं हो, स्पंदन कुठे ऐकलं होतं ते! शाळेत, शास्त्राच्या पुस्तकात, छातीच्या चित्राखाली. आणि पाठोपाठ सरांचा आवाजही आठवला. सर ‘स्यंदन’ म्हणाले होते. स्यं! स्यं! ती कंबर मीच सरळ केली होती!

सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. पण डोळ्यांपुढे बी.एड.चा अर्ज आला. सगळ्या वऱ्हाडासमोर सूनबाई चुकली म्हटल्यावर कसलं कॉलेज अन् कसलं काय? मी तोंड मिटून घेतलं. मनाशी म्हटलं, जरा वेळानं मिटेल आपोआप.

आपोआप मिटतं का काही? तेही लग्नात?

आबा गाडीतून उतरून गरजले, "कायचा दवाखाना? रथ हाये हा! स्पंदन म्हंजे रथ!"

"आबासाहेब, मी रोज पेशंट बघतो," मामा म्हणाले. "रथात सलाईन कशाला टांगलंय?"

"छागळ हाये ती! पान्याची!"

"आणि मुलगा झोपवून का आणला?"

"ऊन लागलं त्याले!"

"असंच सांगतात सगळे," मामा म्हणाले आणि त्यांनी जाऊन घोड्याचा लगाम धरला. "हे बघा, हार्टच्या माणसाला मी घोड्यावर बसू देणार नाही. वर बसला अन् काही झालं तर आमच्या मंगलानं काय करायचं?"

या गलबल्यात भाऊजी जागे झाले. आधी त्यांना काही कळेना. कळल्यावर मात्र असे भडकले! गाडीतून उडी मारली, कोट काढून सासूबाईंच्या अंगावर फेकला, "मला हार्टचा त्रास? मला? बघा!" म्हणाले आणि भर उन्हात, मुंडावळ्यांसकट, बैठका मारायला लागले!

एक, दोन, तीन... पोरंसोरं मोजायला लागली. मुंडावळ्या उडताहेत, हळदीचा घाम गळतोय. दहा बैठकांनंतर ढोलवाल्याला राहवेना, त्यानं ठेका धरला. पन्नास बैठका मारल्या हो त्या माणसानं! आणि धापा टाकत, छाती काढून मामांसमोर उभे राहिले.

मामांनी शांतपणे त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"बघा!" मामा ओरडले. "केवढं धडधडतंय!"

झालं! बायकांत रडारड सुरू. नवरीची आई तर मटकन खालीच बसली. "मनी पोरनं काय व्हई वं माय!" म्हणून तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. भटजी मंडपातून घड्याळ दाखवताहेत, मुहूर्त टळत चाललाय, घोडा कंटाळून करवलीच्या कळशीतला पाला खातोय. आणि या सगळ्याचं कारण गर्दीत पदर तोंडाला लावून उभं!

"नानाले बलावा," कुणीतरी म्हणालं. "नाना सांगतीन."

नाना म्हणजे नवरीचे आजोबा. सत्तरी ओलांडलेले, धोतर, टोपी, हातात काठी. आणि माझं नशीब बघा, आयुष्यभर हायस्कुलात संस्कृत शिकवलेले! गर्दी आपोआप बाजूला झाली. नाना गाडीपाशी आले, काठीनं एकेक अक्षर दाखवत वाचलं.

"आबासाहेब, स्पंदन म्हणजे रथ, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

आबा ताठ झाले. माझ्याकडे हात केला. "आमच्या सूनबाईनं. संस्कृतमधी बी.ए. हाये. ती चुकनार नाही. ती चुकली असंन तं मी वरात वापस घेऊन जातो!"

अगं बाई! काय बोलून बसले हे! भाऊजींनी कपाळावर हात मारला. आमच्या ह्यांनी घोड्याकडे बघायला सुरुवात केली.

नानांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी मऊ. "पोरी, धातू कोणता?"

आता ‘स्पन्द्’ म्हणावं तर ठोका. गप्प बसावं तर नवरदेव पेशंट. समोर मंगलाची आई रडतेय. आणि आबा माझ्याकडे असे बघताहेत, जशी मी आत्ता नानांनाच शिकवणार आहे! मला वाटलं, जाऊ दे ते बी.एड.! पोरीचं लग्न मोडून मी कुणाला काय शिकवणार आहे?

"स्यन्द्," मी म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळं भडाभडा बाहेर आलं. "नाना, स्यन्द्. शब्द स्यंदन आहे. मी वहीत ‘य’चा ‘प’ वाचला. माझंच अक्षर मला लागलं नाही. स्यंदन म्हणजे रथ, स्पंदन म्हणजे खरंच ठोका. ही गाडी दवाखान्याची नाही, असोदा-जळगाव शिटांची आहे. भाऊजींना नुसतं ऊन लागलंय. आणि आबा, ते जमीन थरथरते, छाती धडधडते, ते मी मनानं सांगितलं होतं!"

मी खाली मान घातली. आता काठी बसते की काय असं वाटलं.

काठी बसली, पण जमिनीवर. "स्यंदन!" नाना एकदम ओरडले. "अरे, स्यंदन! किती वर्षांनी ऐकला मी हा शब्द! स्यन्द् म्हणजे वाहणे, धावणे! पाणी कसं सुटतं धो धो, तसा घोडे जुंपून जो सुटतो तो स्यंदन! सिंधू नदी म्हणतो ना आपण? तो सिंधू शब्दही याच धातूतून काढतात!" म्हातारा असा पेटला की विचारू नका. गर्दीत डोंगरपायथ्याच्या गावांतली मंडळी होती, त्यांच्याकडे वळले. "काय रे, आपल्या सातपुड्यात तिवस होतो ना?"

"व्हस ना, नाना."

"त्याचं लाकूड कशाला वापरता?"

"गाडाना आखले. मोडस नही ते."

"ऐका, चाकांच्या आसाला! त्या झाडाला संस्कृतात काय म्हणतात? स्यंदन! कारण जुन्या काळी रथ त्याचेच करायचे!"

"आरे!" एक म्हातारा हरखून उठला. "मना गाडाले तिवसनाच आख शे! मंग मना गाडाबी रथ शे का?"

"तुझा गाडा रथ!" नाना म्हणाले.

मग काय विचारता! जो तो आपल्या गाड्याचं सांगायला लागला. कुणाच्या बांधावर तिवस, कुणाच्या आज्यानं लावलेला. रडणाऱ्या बायका पदर बाजूला करून ऐकायला लागल्या. मामांना कुणी विचारेना, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. "धातूचा फरक होता तर," एवढंच म्हणाले आणि घोड्याचा लगाम सोडला.

आबा मात्र एका बाजूला उभे होते. चेहरा उतरलेला. "नाना," ते हळूच म्हणाले, "मी शब्द देल्ला व्हता. ती चुकली तं वरात वापस."

"शब्द नाही चुकला आबासाहेब, अक्षर चुकलं," नाना म्हणाले. "अक्षरावरून लग्नं मोडायला लागलो तर माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना जन्मभर ब्रह्मचारी राहावं लागेल. पण एक सांगतो, ‘प’ पुसल्याशिवाय नवरदेव घोड्यावर चढणार नाही!"

मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरलेली, पेंटर कुठून आणणार? मामांनी खिशातून तंबाखूची डबी काढली. तिच्यात चुना. करवलीनं कुंकवाचा करंडा दिला. आणि सबंध शिरपुरासमोर मी स्टुलावर चढले. ‘प’ची ताठ पाठ चुन्याच्या बोटानं खोडली, कुंकवानं आत वळण काढलं. खालून पन्नास जणांच्या सूचना! "डावीकडे, डावीकडे!" "आजून बाक द्या वैनी!" नाना तर काठी उंचावून, "कंबर बारीक कर पोरी, कंबर!" एकेक करून तिन्ही ठिकाणी ‘प’चा ‘य’ केला. शेवटचा झाला तेव्हा बँड असा वाजला, जसं काही माझंच लग्न लागतंय. भाऊजी टुणकन घोड्यावर चढले आणि लग्न मुहूर्तावर लागलं. अगदी मिनिटावर!

पंगत उठली आणि मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले. आमच्याकडची सगळी मंडळी होती. हात अजून चुन्यानं पांढरे. म्हटलं, "आबा, चुकलं माझं. तुमची मान खाली गेली."

सासूबाई या घडीचीच वाट बघत होत्या. "पाह्यलं? मी कव्हाची सांगी राह्यली, हिले जळगावले धाडाचं काही काम नाही. ते बी.एड. राहू द्या आता."

माझे डोळे भरून आले. संपलं सगळं!

आबांनी पान लावून तोंडात टाकलं. मग म्हणाले, "नाही. आता तं हिले बी.एड.ले धाडाच लागंन."

"खरंच आबा?" मी उडालेच! "म्हणजे तुम्हाला अजून मी हुशार वाटते?"

"हुशार?" आबा म्हणाले. "बाई, बी.ए.मधी तू लिहाले तेवढी शिकली. सोताचं लिहेल वाचाले आता कुठंतरी धाडाच लागंन ना तुले!"